फिल्टरच्या नटाला भोक कशासाठी?

स्पोर्ट्स बाइकसाठी जो जरा महागातला ऑइल फिल्टर मिळतो, तो कधी हातात घेऊन नीट बघितलाय? साधा पत्र्याचा डबा, पण त्याच्या बुडाला १७ एमएमचा एक नट वेल्ड केलेला असतो. पाना लावायला सोपं जावं म्हणून नट, इथपर्यंत ठीक. पण त्या नटाला आडवी, आरपार भोकं पाडलेली असतात. ती कशासाठी?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये (लोणावळा, मिसळ, परत. राइड कमी, मिसळ जास्त) हा प्रश्न टाकला तर उत्तरं भारी आली. एक म्हणाला वजन कमी करायला. दुसरा म्हणाला जुनं तेल निथळायला. तिसऱ्याच्या गाडीला तोच फिल्टर दोन वर्षं लावलेला, पण त्याला भोक आहे हेच माहीत नव्हतं. खरं उत्तर एका ओळीचं आहे: त्या भोकातून तार ओवायची असते. पण घट्ट बसवलेल्या फिल्टरला वर तार कशाला, हे सांगायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. चहा घेऊन बसा.

सुरुवातीच्या मोटरसायकलला फिल्टर नव्हताच, कारण गाळायला तेल परत येतच नसे. १९०७ साली आइल ऑफ मॅनवर पहिली टीटी शर्यत झाली, तेव्हाच्या गाड्यांत रायडरने हातपंप दाबायचा, थोडं तेल इंजिनात जायचं, आपलं काम करायचं आणि जळून किंवा गळून रस्त्यावर पडायचं. पंप कमी मारला तर इंजिन जाम, जास्त मारला तर धूर. तेल पुष्कळदा एरंडेल. आज ‘कॅस्ट्रॉल’ म्हणून आपण जे नाव वाचतो ते १९०९ मध्ये चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने कॅस्टर, म्हणजे आपल्या एरंडेलावरूनच पाडलं. लहानपणी नाक दाबून जे पाजलं जायचं ते इंग्रजांच्या रेसिंग गाड्या आवडीने पीत होत्या :)

या पद्धतीत एक गंमत होती. इंजिनात काय झिजतंय हे कळायला मार्ग नव्हता, पण घाण साठतही नव्हती. तेच तेल पंपाने परत परत फिरवायला सुरुवात झाली आणि प्रश्न बदलला. आता झिजलेल्या धातूचा कीस त्याच तेलातून फिरून पुन्हा बेअरिंगवर येणार. मग गाळणी आली. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी १९२३ मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर काढला. नाव ठेवलं ‘प्युरोलेटर’, ‘प्युअर ऑइल लेटर’ या तीन शब्दांचा चुरा करून. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो बसलाही.

मोटरसायकलवाले मात्र बराच काळ जुगाडावर राहिले. १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झालेली बुलेट घ्या. बिडाच्या इंजिनाच्या त्या बुलेटमध्ये उजव्या बाजूच्या झाकणात एक नमद्याची गुंडाळी असायची, तोच फिल्टर. होंडाने छोट्या गाड्यांसाठी वेगळी युक्ती केली: क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी, त्यात तेल गरगर फिरतं, जड कण कडेला फेकले जातात आणि तिथे काळा गाळ म्हणून चिकटतात. खाली एक जाळी. आपल्याकडच्या हिरो होंडा सीडी १०० आणि स्प्लेंडरमध्ये हीच व्यवस्था होती. मेस्त्री क्लचचं झाकण उघडून ती वाटी फडक्याने पुसतो ना, तेव्हा तो फिल्टर ‘इन्स्पेक्ट’ करत असतो. त्याला हा शब्द माहीत नसेल, पण बोटावर गाळ घेऊन चोळून बघणारे मेस्त्री मी पाहिले आहेत. चरचरीत लागलं की मान हलवतात.

मग १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, त्या काळाच्या मानाने राक्षस. इंजिनाच्या पुढच्या अंगाला पंख्यांसारख्या पात्यांचा एक वाडगा, आत कागदी फिल्टर, आणि सगळा वाडगा एका लांब बोल्टवर. त्या बोल्टचं डोकं इतकं लहान की पान्याने झिजून गोल व्हायचं, म्हणून त्याला जगभरच्या मेकॅनिकनी शिव्या दिल्या. मोटारींना १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ‘स्पिन-ऑन’ फिल्टर मिळू लागला होता: डबा, कागद, रबर सगळं एकत्र, हाताने पिळायचं, जुना झाला की फेकायचं. १९८० च्या दशकात जपानी स्पोर्ट्स बाइक्सवर तो सर्रास दिसू लागला. स्वस्त, झटपट, सुबक.

आणि इथेच त्या भोकाची गोष्ट सुरू होते. स्पिन-ऑन फिल्टर म्हणजे इंजिनाच्या बाहेर लटकणारा पातळ पत्र्याचा डबा. धरून ठेवायला मधोमध एकच आटा, बऱ्याच जपानी गाड्यांत २० एमएमचा, आणि सीलला एक रबरी रिंग. आत तेलाचा दाब पाच बारच्या आसपास, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण दुप्पट. इंजिन मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे मारतंय. हा डबा सैल झाला तर पंप इमानेइतबारे सगळं तेल बाहेर फेकणार. मोटारीत ते निदान चार चाकांमध्ये खाली पडतं. मोटरसायकलमध्ये डब्याच्या मागे, हातभर अंतरावर, मागचं चाक असतं. आणि त्याच्या मागे दुसरा रायडर.

सैल होतोच कसा, हाही एक सुंदर प्रश्न आहे. सीबी ७५० आली त्याच वर्षी, १९६९ मध्ये, गेरहार्ड युंकर नावाच्या इंजिनिअरने एक पेपर मांडला. तोवर बऱ्याच लोकांचा समज असा की बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने हिसके बसले की तो सुटतो. युंकरने यंत्र बांधून दाखवून दिलं की खरा शत्रू आडवी हालचाल आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर अगदी किंचित सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरायला लागतो, कुणी हात न लावता. आजही बोल्टची ही परीक्षा युंकर टेस्ट म्हणूनच ओळखली जाते. आमच्या मशीन डिझाइनच्या पेपरला यावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. दोन मार्क! जाऊ दे.

रस्त्यावरच्या गाडीला घाबरायचं कारण नाही. नवं रबर, त्यावर तेलाचं बोट, कंपनीने सांगितलेला टॉर्क (होंडाच्या सीबीआर ६०० आरआरला २६ न्यूटन मीटर), बास. फिल्टर सुटण्याची नेहमीची कारणं साधी असतात: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, किंवा घाईत टॉर्कच दिला नाही. पण शर्यतीत हिशोब वेगळा आहे, कारण तिथे तुमच्या चुकीची किंमत तुम्हीच द्याल असं नसतं.

हे कुठल्या टोकाला जाऊ शकतं ते पाहायला २० मे १९७३ या तारखेला जावं लागेल. मोंझा, इटालियन ग्राँप्री. यार्नो सारिनेन हा फिनलंडचा २७ वर्षांचा मुलगा तेव्हा ऐन भरात होता. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, बर्फावरच्या शर्यतींतून आलेला, १९७२ चा २५० सीसीचा जगज्जेता. १९७३ च्या मार्चमध्ये त्याने डेटोना २०० जिंकली, तीही ३५० सीसीच्या यामाहावर, साडेसातशेच्या गाड्यांना मागे टाकून. त्या मोसमात २५० च्या पहिल्या तिन्ही शर्यती त्याच्या, ५०० च्या पहिल्या दोन्ही त्याच्या.

त्या दिवशी २५० च्या आधी ३५० ची शर्यत होती. तिच्या शेवटच्या फेऱ्यांत वॉल्टर व्हिलाच्या बेनेलीतून तेल गळत होतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पोटात भरपूर तेल. शर्यत संपली, ट्रॅक साफ झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डॉड्सने अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं की पुढे तेल सांडलंय. त्याला गप्प बसवण्यात आलं, बाहेर काढण्याची धमकी मिळाली. २५० ची शर्यत सुरू झाली. पहिल्याच फेरीत, कुर्वा ग्रांदे या अतिवेगवान उजव्या वळणावर, रेन्झो पासोलिनी घसरला. त्याच्या लगेच मागे सारिनेन होता. त्याला कुठे जायला जागाच नव्हती. वळणाच्या कडेला मोटारींच्या सोयीसाठी लावलेलं पोलादी रेलिंग, त्यापुढे गवताच्या गाठी. पाठोपाठ डझनभर गाड्या एकमेकांवर. पासोलिनी आणि सारिनेन दोघेही जागीच गेले. यामाहाने उरलेल्या मोसमातून आपला संघ मागे घेतला.

आता नीट ऐका, कारण इंटरनेटवर ही गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते. नंतरच्या चौकशीत ठपका तेलावर ठेवला गेला नाही. पासोलिनीचं टू-स्ट्रोक इंजिन जाम झालं आणि मागचं चाक अडकलं, असा निष्कर्ष निघाला. रायडर मंडळींपैकी कित्येकांना तो कधीच पटला नाही. तेल की जाम इंजिन, हा वाद पन्नास वर्षं चालू आहे, आणि तो पुण्यात बसून माझ्याने काय सुटणार! पण मला त्यातली एक गोष्ट वादापलीकडची वाटते. खाली तेल आहे हे एका माणसाला माहीत होतं. ते कळवायला तो गेला. आणि ज्यांनी ट्रॅक बघायचा, त्यांनी बघितला नाही. इंजिन जाम झालं असेल तरी हा दोष धुतला जात नाही. दीड महिन्यात, जुलै १९७३ मध्ये, त्याच कुर्वा ग्रांदेवर दुसऱ्या एका शर्यतीत आणखी तीन रायडर मेले.

तेल ही गोष्टच अशी आहे की ती सांडेपर्यंत दिसत नाही, आणि सांडल्यावर ताशी दोनशे किलोमीटरने येणाऱ्याला तर अजिबातच दिसत नाही. म्हणून शर्यतीच्या जगाने दोन सवयी उचलल्या. दोन्ही मुख्यतः विमानवाल्यांकडून.

पहिली म्हणजे ती तार. लॉकवायर. विमानाच्या इंजिनावर जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला भोक असतं आणि त्यातून स्टेनलेस स्टीलची बारीक तार गेलेली असते, साधारण ०.८ एमएमची. ती दुमडून, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला किंवा एखाद्या पक्क्या जागेला बांधतात. पीळ किती, तर इंचाला सहा ते आठ. कमी दिला तर तार ढिली, जास्त दिला तर ठिसूळ होऊन तुटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओढ कुठल्या दिशेला. बोल्ट सुटायला लागला की तार ताणली गेली पाहिजे, म्हणजे ती त्याला आवळण्याच्या दिशेला खेचते. उलट्या बाजूने बांधलेली तार म्हणजे गळ्यात घातलेला दागिना.

ज्या फिल्टरला भोकाचा नट नाही त्याचं काय? त्याच्याभोवती पाइपला लावतात तसा स्क्रूचा क्लॅम्प आवळायचा आणि क्लॅम्पला तार बांधायची. हा क्लॅम्प, ज्याला इंग्रज ज्युबिली क्लिप म्हणतात, ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने काढला, पेटंट १९२१ चं. आपल्याकडे गॅसच्या नळीपासून बोअरच्या पंपापर्यंत सगळीकडे दिसतो तोच. लाखभर रुपयांच्या रेसिंग एक्झॉस्टखाली तीस-चाळीस रुपयांचा क्लॅम्प बघून मला फार बरं वाटतं.

एफआयएमच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, सुपरबाइक नियमांत हे सगळं स्पष्ट आहे: तेलाच्या पोकळीत जाणारे बाहेरचे बोल्ट, ड्रेन प्लग, बाहेरचा फिल्टर, सगळ्यांना तार हवी. त्याशिवाय इंजिनाखालचं फेअरिंग असं हवं की इंजिन फुटलं तर त्यातलं एकूण तेल नि कूलंट मिळून निदान अर्धं त्यात मावेल. त्या फेअरिंगला खाली २५ एमएमचं भोक, कोरड्यात बुचाने बंद, आणि पावसाची शर्यत जाहीर झाली तरच उघडं. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने असं गृहीत धरलंय की तारही एखाद्या दिवशी कमी पडेल. आणि त्यानंतरही काही सांडलंच तर मार्शल लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवतो: पुढे रस्ता निसरडा.

मला या तारेचं अप्रूप वेगळ्याच कारणाने आहे. तार बोल्टला घट्ट ठेवत नाही! युंकरचं गणित तारेने बदलत नाही, टॉर्क उतरायचा तर उतरणारच. तार फक्त त्याला पूर्ण सुटून पडू देत नाही. मग तिचा एवढा मान का? कारण ती दिसते. फिल्टर घट्ट आहे की नाही हे बाहेरून बघून जगातला कुठलाही माणूस सांगू शकत नाही. पण नीट पिळलेली तार दिसली म्हणजे कुणीतरी इथे आलं होतं, पाना लावला होता, मग बसून दोन मिनिटं तार पिळली होती. शर्यतीआधी तपासनीस येतो, बोटाने तार ओढून बघतो, पुढे जातो. त्याला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. आमच्या धंद्यात ‘मी टेस्ट केलंय, माझ्या मशीनवर चालतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी ही तार गळ्यात बांधणार आहे एक दिवस.

दुसरी सवय म्हणजे काढलेला फिल्टर फेकायच्या आधी कापून बघणं. छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांत साधारण दर पन्नास तासांनी तेल नि फिल्टर बदलतात, आणि जुना फिल्टर कापणं हा त्याच कामाचा भाग असतो. कापायला डबा उघडण्याच्या चावीसारखं गोल फिरणारं कटर लागतं. हॅक्सॉ चालत नाही, कारण करवतीचा कीस आत पडला की मग तो इंजिनाचा की करवतीचा हे ब्रह्मदेवाला विचारावं लागेल. आतला घडीचा कागद कापून उलगडायचा, सॉल्व्हंटमध्ये खळबळायचा, उन्हात धरून बघायचा. मग चुंबक. चिकटलं ते लोखंड-पोलाद, म्हणजे गिअर, कॅम, सिलिंडरची भिंत वगैरे. पांढुरका, न चिकटणारा चुरा अॅल्युमिनियमचा, बहुधा पिस्टनकडचा. तांबूस-सोनेरी चमक दिसली तर पोटात गोळा, कारण ते बेअरिंगच्या थरांतलं तांबं असू शकतं.

इंजिनचं तेल तपासून रोग ओळखायची कल्पना मात्र विमानांच्याही आधी रेल्वेने राबवली. अमेरिकेच्या डेनव्हर अँड रिओ ग्रांदे रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल प्रयोगशाळेत जाळून, त्याच्या वर्णपटावरून कुठला धातू किती हे मोजायला सुरुवात केली. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने तीच पद्धत विमानांसाठी उचलली. वर्णपटात अगदी बारीक कण कळतात, कागदात मोठे अडकतात. दोन्ही बघणारे शहाणे.

मोटरसायकलचा फिल्टर वाचणं विमानाच्या मानाने अवघड असतं, कारण बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात न्हातात. त्यामुळे कागदावर क्लचच्या प्लेट्सचा काळपट भुगा असतो, गिअर पडतानाचे बारीक कण असतात, नव्या इंजिनात तर थोडी चमक असणारच. एकदा बघून काही कळत नाही. दर वेळी कापून, कागद जपून, मागच्याशी ताडून बघावं लागतं. रेसिंगवाले मेकॅनिक फोटो काढून ठेवतात. मागच्या चार वेळेला नव्हतं ते पाचव्या वेळेला दिसलं, तर इंजिन उघडायचं. शर्यतीत फुटण्याआधी.

आणि फिल्टरच्या आत एक छोटी झडप असते, तिच्याकडेही बघा. बायपास व्हॉल्व्ह. कागद घाणीने तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट झालं, की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. ज्याने हे ठरवलं त्याने सरळ हिशोब केला: घाण तेलावर इंजिन काही काळ तग धरेल, तेलाशिवाय काही क्षणच. पण याचा अर्थ असा की तुंबलेला फिल्टर बाहेरून तक्रार करत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. गाडी छान पळते. कापला की कळतं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर चाकणला या. बजाजच्या तिथल्या कारखान्यात बनलेल्या केटीएम आरसी ३९० वर २०१४ मध्ये जर्मनीत पोरांची ज्युनिअर कप मालिका झाली, आणि २०१७ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० ही जागतिक मालिका सुरू झाली तेव्हा तिथेही आरसी ३९० उतरली. तिचा फिल्टर डब्याचा नाही, इंजिनाच्या कुशीत छोट्या झाकणामागे कागदाची नळी आहे. तरी नियम तोच. पुणे-नाशिक रोडवरून कंटेनरने गेलेल्या गाडीच्या ड्रेन बोल्टला तिकडे कुणीतरी ड्रिल लावलं, झाकणाच्या बोल्टच्या डोक्यांना भोकं पाडली आणि तार पिळली.

आता आपल्याकडेही कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नाहीतर चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकवर पोरं स्वतःच्या गाड्या घेऊन जातात, आणि तार बांधून द्या म्हणून गॅरेजवाल्याच्या मागे लागतात. तर कोणी करणार असेल त्याच्यासाठी: बोल्ट शिकंज्यात तिरका धरा, आधी सेंटर पंचने खूण करा, बिट कोबाल्टचा घ्या, वेग कमी ठेवा आणि कटिंग ऑइलचा थेंब सोडत राहा. दीड एमएमचे बिट एकदम चार-पाच आणा. पहिल्या बोल्टातच दोन तरी मोडतात.